नाकाचं कलम

सांगतो, पण तोंडातला चहा आधी गिळून घ्या, नाहीतर ठसका लागायचा! माझं हे नाक डावीकडे वळलंय ना, ते माझ्याच हुशारीनं.

आपलं वऱ्हाड नुकतंच मुंबई राज्यात गेलं होतं, तेव्हाची गोष्ट. माझं लग्न ठरलं आणि आठवड्यातच बैलानं मान झटकली. शिंग थेट नाकावर! मधलं हाड पार बसलं. होणारे सासरे दारव्ह्याहून बघायला आले.

"जवाईबापू, पोरीनं नाक पाहूनच पसंत केलतं तुमाले. आता काय दाखवू तिले?"

लग्न मोडतं की काय! नागपूरचे एक सर्जन तेव्हा यवतमाळात येऊन ऑपरेशनं करायचे. तडक त्यांना गाठलं.

"तुमच्याच बरगडीचं मऊ हाड काढून नाकात बसवू," ते म्हणाले.

"माह्यंच काहून? दुसऱ्याचं नाही चालत?"

"परकं हाड शरीर टाकून देतं. स्वतःचं असलं की जीव धरतं."

अहो, माझा जन्म गेला संत्र्याची कलमं बांधण्यात! संत्र्याच्या फांदीचा डोळा, म्हणजे न फुटलेला कोंब, जंभेरी लिंबाच्या रोपात बसवायचा, घट्ट बांधायचा, मग तो जीव धरतो. हे तर तेच की! फक्त इथं रोपही मी आणि डोळाही मी. मला काय नवल वाटलं! डॉक्टरांना प्रश्नांनी भंडावून सोडलं. एवढंच विचारायचं राहिलं, पाणी किती द्यायचं?

शुद्धीवर आलो तर छाती ठणकतेय आणि नाकावर प्लास्टर, खडखडीत कोरडं. बाप रे! कलम वाळलं तर जगणार कसं? नर्सबाई वळल्या की मी ओला रुमाल नाकावर पिळायचो. सकाळ-संध्याकाळ, न चुकता. चौथ्या दिवशी प्लास्टर मऊ पडलं. मी खूश, पाणी मुरतंय!

आठव्या दिवशी सासऱ्यांसमोर प्लास्टर काढलं. नाक उंच झालं होतं, पण बघत होतं दारव्ह्याकडे!

"हे भिजलं कसं?" डॉक्टर चक्रावले.

मी सगळं कबूल केलं. आता सासरे लग्नाला नाही म्हणणार!

पण सासरेही संत्रेवालेच. खो खो हसत म्हणाले, "डाक्टरसाहेब, डोळा जगला की आमी त्याच्या वरचा रोपाचा शेंडा छाटून टाकतो. जवाईबापूनं तेवढं केलं नाही म्हनून बरं. नाही तं माह्या पोरीनं हार कोनाच्या गयात घातला असता?"

डॉक्टरांनी माझ्या डोक्याकडे नीट निरखून पाहिलं.

"छाटला असता तरी," ते म्हणाले, "फारसं काही वाया गेलं नसतं."