फुजैराच्या खड्यांची गौर

मी दगडांची बाई. भूगर्भशास्त्र शिकले ते हातोडी घेऊन डोंगर तुडवायला मिळतील म्हणून, आणि नोकरी लागली अबुधाबीत, एका तेलकंपनीत, जिथे खडक म्हणजे स्क्रीनवरच्या वाकड्यातिकड्या रेघा. आम्ही राहतो त्या मोहम्मद बिन झायद सिटीत जमीन सपाट, वाळूची. जो काही दगड दिसतो तो कुणा कंत्राटदाराने ट्रकमधून आणून ओतलेला. म्हणून फुजैराला जायचं म्हटलं की माझ्या अंगातच येतं. तिथे खरेखुरे काळे डोंगर आहेत आणि किनाऱ्यापासून हाकेच्या अंतरावर एक खडकाचं बेट आहे. समुद्राच्या तळाखाली शिलारस गार होत गेला आणि त्याचा तो खडक झाला. ज्वालामुखीचं तोंड सगळ्यांना ठाऊक असतं, हे त्याचं पोट, असं मी भेटेल त्याला सांगते. कर्कवृत्त तिथून थोडं दक्षिणेला जातं, त्यामुळे नकाशाच्या हिशेबाने ते बेट उष्णकटिबंधात बसत नाही. पण भाद्रपदातल्या दुपारी त्या पाण्यात पाय घालून कुणी हे म्हणून दाखवावं.

आमच्या सासरी खड्यांच्या गौरी. मुखवटे नाहीत, साड्या नाहीत. पाणवठ्यावरून पाच खडे आणायचे, तीच गौर. कुमारिकेने नाहीतर सवाष्णीने ते आणायचे, आणि खडे उचलल्यापासून घरात ठेवेपर्यंत तोंडातून शब्द काढायचा नाही, मागे वळून बघायचं नाही. अबुधाबीत इतकी वर्षं आमचा पाणवठा म्हणजे बाथरूममधली बादली. माशांच्या टाकीत घालतात तसले गुळगुळीत पांढरे खडे त्या बादलीत टाकायचे आणि लेकीने ते उचलून हॉलपर्यंत यायचं. तेवढं गप्प राहणं तिला कसंबसं जमायचं.

त्या वर्षी सासूबाई आमच्याकडे होत्या. सासरे जाऊन दीड वर्ष झालं होतं. आदल्या वर्षी घरात सण केलाच नव्हता. लग्न झाल्यापासून रत्नागिरीकडच्या घरी गौर त्याच आणायच्या, घरामागच्या वहाळातून. एरवी दिवसभर तोंडाचा पट्टा चालू असणारी ही बाई तेवढा वेळ कशी गप्प राहते, याची सासरे गंमत करायचे. आता पट्टा बंदच पडला होता. विचारलं तर उत्तर, नाहीतर खिडकीबाहेरची वाळू बघत बसायच्या.

"आई, यंदा गौर तुम्हीच आणा," मी म्हटलं.

"नको गं. आता माझा हात नको."

"कुठल्या शास्त्रात लिहिलंय असं?"

"शास्त्रात असेल नसेल. माझ्या मनात आहे."

माझं डोकंच फिरलं. शास्त्राशी मी चांगली तासभर भांडले असते, पण मनाशी कसं भांडणार? मला त्या सणात दुसरं काही नको होतं, ना फराळ, ना आरास. गौर त्यांच्या हातून यावी, एवढंच हवं होतं. मी रुसून पांढरे खडे धुवायला काढले. त्यांनी एक हातात घेतला, उलटसुलट केला आणि म्हणाल्या, "अगं, ही तर साबणाची वडी आहे."

तिथेच मला फुजैरा आठवलं. आवाहन शनिवारी, लेकीला सुट्टी, मला सुट्टी, आणि समुद्राएवढा पाणवठा दुसरा कुठला असणार? घरात गणपती असताना घर बंद ठेवायचं नसतं, म्हणून नवरा मागे थांबला. "सूर्यास्ताच्या आत गौर घरात हवी, यल्ला, निघा," म्हणत त्याने आम्हाला पहाटेच हाकललं. सासूबाई नुसत्या सोबतीला आल्या. खडे लेक उचलणार, हे ठरलेलं होतं.

वाळू संपून डोंगर सुरू झाले तशी मी गाडी चालवता चालवता वटवट करायला लागले. हा बघ, हा थर बघा, हा खडक एकेकाळी समुद्राच्या पोटात होता. रस्त्याच्या कडेला रानगाढवं डोंगराच्या सावलीला अंग चोरून उभी होती. किनाऱ्यावर पोचलो तर खेकड्यांनी रात्रीतून उकरलेल्या वाळूचे टोकदार ढीग ओळीने मांडलेले, घरटी एक. बेटाच्या माथ्यावर काळे पाणकावळे पंख पसरून वाळत होते. गुडघाभर पाण्यात उभं राहिलं की निळेहिरवे मासे पायाशी येऊन खडक कुरतडताना दिसायचे. मला तर काय बघू आणि काय नको असं झालं. सासूबाई कडेच्या बाभळीसारख्या सामर झाडाखाली चटईवर बसल्या होत्या.

मी ताम्हन पुढे केलं. लेकीने पाच खडे वेचायला वाकता वाकता विचारलं, "मम्मा, होम मीन्स अबुधाबी, राइट? सो नो टॉकिंग टिल अबुधाबी?"

मी कपाळावर हात मारला. तीन तासांचा रस्ता. बादलीची सवय झालेल्या माझ्या डोक्यात हे आलंच नव्हतं. आमच्या घरात तीन तास गप्प राहील असं कुणी जन्मालाच आलेलं नाही.

"आय कॅन डू इट," लेक म्हणाली. तिने खडे उचलले, ओठ घट्ट मिटले आणि काठाकडे चालायला लागली. दहा पावलं गेली असेल नसेल, तिच्या डाव्या बाजूला पाण्यातून एक डोकं वर आलं. म्हाताऱ्या माणसासारखं सुरकुतलेलं, भलंमोठं. कासवाने निवांत श्वास घेतला, आमच्याकडे बघितलं आणि पाठीची अख्खी परात दाखवत बुडी मारली. लेकीने ताम्हनासकट उडी मारली. "आजी, टर्टल! आजी, लुक, इट्स ह्यूज!"

खडे पाण्यात परत गेले. तिला रागवायचं तरी कोणत्या तोंडाने? मीही मोठ्याने हसत होते.

मग मी उचलले. मी सवाष्ण, मी घरची सून, मी शिकलेली बाई, एवढा संयम असायला हवा. पाण्याबाहेर आले. खडे उन्हात ओले चमकत होते, आणि त्यातल्या एकावर काळे-पांढरे पट्टे असे काही सुरेख बसलेले होते की मी चालायचीच थांबले. असला नमुना मी कॉलेजनंतर हातात धरला नव्हता. लेकीने ताम्हनात डोकावून बघितलं आणि पाठीमागून म्हणाली, "मम्मा, इट्स जस्ट अ स्टोन."

"जस्ट अ स्टोन?" मी गर्रकन वळले. "अगं, शिलारस गार होताना जड स्फटिक आधी खाली बसतात, त्याचे हे थर..." एकदम थांबले. वळलेही होते आणि बोललेही होते. लेक वाळूत लोळून हसत होती.

नवऱ्याचा फोन आला. कुठवर आलात? मी म्हटलं, अजून निघतोय. तो म्हणाला, मग आटपा, नाहीतर गौर राहिली यंदा.

मी ते सासूबाईंना सांगितलं. पाणी प्यायले, टोपी काढली, पुन्हा घातली. पुन्हा उचलायचे तर मी तीन तास गप्प राहू शकत नाही, हे मला पक्कं कळलं होतं. मला रडूच यायला लागलं. वर बघते तर चटई रिकामी. सासूबाई साडी पोटरीपर्यंत खोचून पाण्यात चालल्या होत्या.

मी लेकीचं मनगट धरलं. आम्ही दोघी जागच्या हललो नाही.

सासूबाई बेटाच्या दिशेने गुडघ्यापर्यंत आत गेल्या. वाकल्या, एक खडा उचलला, हातात फिरवला, परत टाकला. दुसरा ठेवून घेतला. घाई नाही. मधेच त्या एकदम ताठ झाल्या, पायाशी बघत मिनिटभर तशाच उभ्या राहिल्या, मला वाटलं दमल्या. मी हाक मारणार होते, पण हाक मारली तर त्या वळतील या भीतीने गिळली. मग पुन्हा वाकल्या. पाच खडे झाल्यावर त्या सरळ माझ्याकडे आल्या, माझ्या हातातलं ताम्हन घेतलं, खडे त्यात ठेवले आणि गाडीत जाऊन बसल्या.

तो परतीचा प्रवास मी कधी विसरणार नाही. मला इतका आनंद झाला होता की स्टिअरिंगवर ठेका धरावासा वाटत होता, आणि बोलायची चोरी. खरं तर नियम एकट्या त्यांना होता, पण आम्हीही आपोआप कुजबुजत होतो. वाटेत एका कॅफेटेरियाबाहेर हॉर्न वाजवून चहा मागवला. त्यांनी मानेनेच नको म्हटलं. "आजी, आर यू ओके?" लेकीने दर थोड्या वेळाने विचारलं आणि दर वेळी मान हलली. गाल मात्र आतून फुगल्यासारखे दिसत होते. काहीतरी ओठांपर्यंत येत होतं आणि त्या ते दाबत होत्या. मी मनाशी घाबरले होते. घरी पोचल्यावर त्या म्हणतील, माझ्याकडून नको ते करून घेतलंत.

सूर्य अजून वर होता. लेकीने धावत जाऊन बापाच्या हातात ताट आणि चमचा दिला, तो दारात उभा राहून वाजवायला लागला. आईला ताम्हन घेऊन येताना पाहून त्याचा चमचा क्षणभर थांबला, मग दुप्पट जोराने सुरू झाला. मी उंबऱ्यात बसून त्यांच्या पायांवर दूध घातलं, पाणी घातलं. पुढचं हळदीकुंकू. गौर आणणारीला लावायचंच असतं, आणि सासरे गेल्यापासून त्यांनी कपाळाला काही लावू दिलं नव्हतं. बोटावर कुंकू घेऊन मी उभी राहिले. बोलायची त्यांना सोय नव्हती, पण एक पाऊल मागे सरकणं हातात होतं. त्या सरकल्या नाहीत. डोळे मिटून त्यांनी मान थोडी खाली केली.

ताम्हन घरभर फिरलं, खडे गणपतीशेजारी तांदळांवर बसले. आता बोलायला मोकळीक होती. आम्ही तिघं त्यांच्या तोंडाकडे बघत राहिलो.

"पाच-सहा होती," त्या म्हणाल्या. "हातभर लांब. मुशीची पिल्लं. पाठीवरचं पर नि शेपूट, टोकं काळी कुळकुळीत. माझ्या दोन्ही पायांच्या मधून गेली, परत आली, पुन्हा गेली. एकाचं अंग घोट्याला घासलं, कानशीसारखं खरखरीत. यांना सांगायला हवं होतं, यांनी मला वेड्यात काढलं असतं..."

आणि पट्टा सुरू झाला. बेट, कासव, खेकड्यांचे ढीग, गाढवं, माझी फजिती, सगळं नव्याने. चहा गार झाला, दुसरा केला. बोलता बोलता त्यांना घाम आला, तो त्यांनी पदराने टिपला, कपाळावरचं कुंकू तेवढं सांभाळून.

"आई, अगं, शार्क होते ते," नवरा म्हणाला. "ओरडली नाहीस? भीती नाही वाटली?"

"वाटली तर," सासूबाई म्हणाल्या. "पण ओरडले असते तर गौर कुणी आणली असती?"