सुट्टीच्या दिवशीचे हात

नर्स मैत्रिणींनो, आज करमाडला माझ्या धाकट्या बहिणीची हळद होती. लई विनवण्या केल्यावर कॅन्सर वॉर्डातून एक दिवस सुट्टी मिळाली.

हळद लावायला मी तिचा हात हातात घेतला, मनगटाजवळ बोटांनी टिचक्या मारल्या आणि म्हणाले, "मूठ आवळा. घाबरू नका."

सगळ्या बाया खो-खो हसल्या. बहीण मात्र हळूच म्हणाली, "ताई, मी हाय गं."

केमोनं जळालेल्या हातांवर मी रोज शीर शोधते. हिची पहिल्या नजरेत सापडली, म्हणून मला आधी हायसं वाटलं. नवरी नंतर दिसली.

ड्युटी संपल्यावर हे हात कुठं ठेवून येता गं तुम्ही?