लाल ठिपका आन माझी सही

"ए, इकडं ये. पोलरायझेशन म्हणजे काय, सांग यांना."

साठ पोरांसमोर सर मला असं उभं करायचे. मी बेळगावात एका इंजिनिअरिंग कॉलेजात लेसरच्या लॅबचा शिपाई. कंत्राटावर. शाळा चौथी. मी डोकं खाजवून म्हणायचो, "सर, ते निपाणीत मिळतंय. हितं संपलंय." पोरं खदाखदा हसायची. सर म्हणायचे, "अभ्यास नाही केला तर हे असं होतं, बघा." तवा सगळ्यात मोठ्यानं मीच हसायचो. दहा वर्सं. माकडाला निदान डमरू तरी लागतो. मी बिनडमरूचा नाचलो.

पर ती लेसरची नळी मला ठावं हुती. झाडू मारताना बघितलेली. तिच्याफुडं पोलरायझरची काळी काच धरली की भिंतीवरचा लाल ठिपका भडकायचा, विझत यायचा, परत भडकायचा. काच काढली की हाय तसाच. म्हंजे उजेड कमी हुत न्हवता, नुसता कूस बदलत हुता. नळी गार असताना भराभरा, तापंल तसा सावकाश. तासाभरानं गप पडायचा. म्हणून सकाळी आलो की मी पयला लेसर लावायचो, मग झाडू घ्यायचो. दहाला पोरं यायची तवा ठिपका शहाण्यागत थांबलेला असायचा. सरांना वाटायचं, मशीन चांगलं हाय.

एकदा सरांनी बघितलं. "मला विचारल्याशिवाय लेसरला हात लावायचा नाही."

बरं. न्हाय लावला.

फुडच्या सोमवारी प्रॅक्टिकलची परीक्षा. बाहेरनं एक मॅडम आल्या परीक्षा घ्यायला. सरांनी त्यांच्यासमोरच लेसर लावला, काच बसवली. ठिपका नाचाय लागला. पोरांच्या मीटरवरचं आकडं एका जागी थांबंनात. मी कोपऱ्यातनं बघत हुतो. खोटं कशाला सांगू, गंमत बी वाटत हुती.

सर घामाघूम झाले. माझ्याकडं बोट केलं. "याचंच काम आहे, मॅडम. या लोकांनी शिवलं की संपलं."

शिवलं.

ह्यो शब्द मी आज्याच्या तोंडनं ऐकलेला. निपाणीच्या वखारीत तंबाखू कुटाय त्याचा हात चालायचा, पाण्याच्या घागरीला चालायचा न्हाय. सर बोलले तवा सवयीनं माझ्या तोंडावर हसू आलतं. ते तसंच ऱ्हायलं. उतरवायचं कसं, कळंना.

सरांनी मला टेबलाजवळ बोलावलं. कागद लिहिला आन वाचून दाखवला. "माझ्या हलगर्जीपणामुळे उपकरण बिघडले." मग म्हणाले, "कर सही. नाहीतर कंत्राट संपलं समज."

"सर, बिघडलं न्हाय. नळी गार हुती. आता बघा."

तास होत आलता. ठिपका थांबला हुता. मॅडमनी काच फिरवून बघितली, परत बसवली. "बरोबर आहे यांचं. आधी तापू द्यायला हवं होतं. कोणी शिकवलं तुम्हाला?"

"कुणी न्हाय. झाडताना बघितलं."

सर म्हणाले, "झालं कौतुक? आता सही कर."

मॅडमनी घड्याळ बघितलं आन खाली मान घालून मार्क लिहाय लागल्या. शिवलं, ते त्यांनीबी ऐकलं हुतं.

सरांनी फुडं केलेलं पेन मी टेबलावर ठेवलं. "न्हाय करत."

दुसऱ्या दिवशी मला गेटावर टाकलं. मी वाकड्यातिकड्या अक्षरात तक्रार लिहिली. सर काय बोलले ते एकच वाक्य, जसंच्या तसं. क्लार्क म्हणाला, "कन्नडात पायजे." तेबी करून आणलं. मग प्रिन्सिपॉलनी बोलावलं. "मागे घे ती तक्रार. कंत्राट चालू ठेवतो. लॅब परत देतो."

लॅबची लई आठवण येतीया. आता सकाळी लेसर कोण लावतंय, कुणास ठावं. तरीबी सांगितलं, "वाक्य सरांचं हाय. मागं घ्यायचं तर त्यांनी घ्यावं. मी माझा कागद मागं घेणार न्हाय."

कंत्राट ह्या महिन्यात संपतंय. तक्रारीच्या कागदाची झेरॉक्स खिशात हाय. हितनं काढलं तर फुडच्या हापिसात देणार. तिथनं हाकललं तर त्याच्या फुडच्या.