पुलाअलीकडचं बाकडं

नागपूरच्या विमानतळावर बाबांना आत येता आलं नाही. दारावर बंदूक घेऊन तिकिटं तपासणाऱ्या जवानाला त्यांनी सवयीनं आपलं पोलीस हवालदाराचं ओळखपत्र दाखवलं. त्यानं नम्रपणे मान हलवली. "सर, नियम आहे." मला राग आला, पण बाबा खूश झाले. "बरोबर करून राहिला तो," म्हणाले. मग ट्रॉलीचा दांडा माझ्या हातात देऊन त्यांनी मला एकच गोष्ट सांगितली. "वर्दीवाल्यासमोर खिशात हात नाही घालायचा. कोणत्याही देशात. दोन्ही हात दिसले पाहिजे."

आई मागून म्हणाली, "अन् पोचली की फोन करजो."

ही २०१६ची गोष्ट. मी मास्टर्स करायला आयर्लंडला निघाले होते, वर्षभरात परत येईन असं सांगून. हे वाचणाऱ्यांपैकी जे मागे राहिले त्यांना हे वाक्य आठवत असेल, आणि जे माझ्यासारखे निघाले ते हे वाक्य आपणही बोललो म्हणून हसतील.

ॲथलोनला शिकले, तिथेच नोकरी लागली. आमची कंपनी हॉस्पिटलांत लागणाऱ्या बारीक प्लास्टिकच्या नळ्या बनवते. गाव आयर्लंडच्या मधोमध, नदीकाठी. गावात लष्कराची छावणी आहे, पण सैनिक दिसायचा तो सुपरमार्केटात दुधाचा कॅन हातात घेऊन रांगेत उभा असलेला. पोलिसांच्या कमरेला पिस्तूल नसायचं. बाबांना हे फोनवर सांगितलं तर त्यांचा विश्वास बसेना. "मग लोक ऐकतात कशाले?" मीही हळूहळू तिथल्यासारखी सैल झाले. कपाटाला प्रेस म्हणायला लागले, 'ठीक आहे'च्या जागी ग्रँड म्हणायला लागले, आणि पासपोर्ट कुठे ठेवलाय ते विसरायला लागले.

फेब्रुवारी २०२० मध्ये कंपनीनं मला तीन आठवड्यांसाठी मेक्सिकोला पाठवलं. अमेरिकेच्या हद्दीला लागून असलेल्या एका शहरात आमचा दुसरा कारखाना आहे. आमच्याकडचं एक मशीन तिकडे हलवलं होतं, ते तिथेही तसंच चालतंय की नाही हे तपासायचं होतं. शहराचं नाव लिहीत नाही. तिथली माणसं माझ्याशी चांगली वागली, आणि पुढे जे लिहिणार आहे ते त्यांच्याविरुद्ध नाही.

जाण्याआधी पाहुण्यांसाठीच्या सुरक्षेचं दोन पानी पत्रक मिळालं. कंपनीच्या व्हॅनशिवाय फिरू नका. अंधार पडल्यावर पायी जाऊ नका. दागिने घालू नका. सैनिकांचे फोटो काढू नका. पासपोर्ट जवळ ठेवा. पहिल्याच सकाळी हॉटेलच्या दारात व्हॅन घेऊन राउल आला. कंपनीचा ड्रायव्हर, पन्नाशीचा, जाड मिशांचा. सिग्नलला आमच्या शेजारी एक उघडी गाडी थांबली. मागे चार सैनिक उभे, डोळे सोडून सगळं तोंड झाकलेलं, मधोमध स्टँडवर मोठी बंदूक. तिची नळी माझ्या खिडकीपासून हातभर अंतरावर. मी नकळत दोन्ही हात मांडीवर उघडे ठेवले. राउल हसला. "फॉर यू," तो म्हणाला. "यू, व्हिजिटर. दे टेक केअर."

आणि खरंच, अमेरिकेत जाणाऱ्या पुलाजवळच्या रस्त्यावर पाहुण्यांची काळजी घेतली जायची. पलीकडून अमेरिकन म्हातारे दात बसवायला, स्वस्त औषधं घ्यायला चालत यायचे. त्यांच्यासाठी फिक्या शर्टातले वेगळे पोलीस असायचे, इंग्रजी बोलणारे, हसून रस्ता दाखवणारे. दुसऱ्या आठवड्यापर्यंत मला त्या बंदुकांची सवय झाली. सवय इतक्या लवकर होते याचं मला अजून आश्चर्य वाटतं.

दुसऱ्या रविवारी, भर दुपारी, मी एकटीच त्या रस्त्यावर गेले. डोकं दुखत होतं, गोळी घ्यायची होती. हॉटेलपासून दहा मिनिटांचं अंतर. पासपोर्ट रिसेप्शनच्या लॉकरमध्ये राहिला.

औषधाच्या दुकानाबाहेर दोन सैनिक आणि इमिग्रेशनचा एक अधिकारी कागद तपासत होते. समोरून अमेरिकन जोडपं गेलं, त्यांना कोणी काही विचारलं नाही. मला थांबवलं. मी फोनमधला पासपोर्टचा फोटो दाखवला. अधिकाऱ्यानं 'इंडिया' हा शब्द वाचला आणि त्याचा चेहरा बदलला. रागाचा नव्हता तो बदल. कंटाळ्याचा होता, रोजचंच काम पुन्हा पुढ्यात आल्यासारखा. मला तेव्हा माहीत नव्हतं की आपल्याकडची किती माणसं त्या शहरात पोचतात ती कागदांशिवाय पूल ओलांडायलाच.

पुलाच्या अलीकडे त्यांचं ऑफिस होतं. मला एका लांब बाकड्यावर बसवलं. फोन करू दिला, मी राउलला सांगितलं. मग वाट बघत बसले.

बाकड्याच्या दुसऱ्या टोकाला एक बाई बसली होती. माझ्या आईच्या वयाची. पंजाबी ड्रेस, त्यावर पुरुषी जॅकेट, पायात दोन नंबर मोठे बूट. ती दोन्ही हातांनी गुडघा दाबत होती. मला बघून तिचा चेहरा उजळला.

"गुजराती छो?"

"नहीं. मराठी."

"चलेगा," ती म्हणाली आणि सरकून माझ्याजवळ आली.

तिनं माझं नाव विचारलं. लग्न झालं का, आई-वडील कुठे असतात, आयर्लंड म्हणजे लंडनच ना, तिथे तूरडाळ मिळते का, सगळं विचारलं. मग स्वतःचं सांगितलं. मेहसाण्याकडचं गाव. नवरा गेलेला. मुलगा अमेरिकेत एका मोटेलच्या काउंटरवर, कागद नसलेला, त्यामुळे तो येऊ शकत नाही. नऊ वर्षांत त्याला पाहिलं नव्हतं. म्हणून ती निघाली होती. दोन महिने, किती देश, तिला नावंही सांगता येत नव्हती. "एक जंगल था," एवढंच म्हणाली आणि पुन्हा गुडघा दाबायला लागली. बरोबरची माणसं पुढे गेली, ती मागे राहिली.

तीन तासांनी राउल आला. हातात माझा पासपोर्ट आणि कंपनीचं पत्र, शिक्का मारलेलं. टेबलामागचा अधिकारी पत्र वाचायला लागला. त्याच वेळी तिनं माझं मनगट धरलं. हात ताप असल्यासारखा गरम होता.

"बेटा, बोल दे ना, मैं तेरी मम्मी हूँ. तेरे साथ आई हूँ. बस दरवाज़े तक."

मी काही बोलायच्या आत अधिकाऱ्यानं मान वर केली. त्यानं तिच्याकडे बघितलं, तिच्या हातातल्या माझ्या मनगटाकडे बघितलं.

"ममा?" त्यानं विचारलं.

त्या शब्दाला भाषांतर लागत नाही.

"नो," मी म्हणाले. पटकन म्हणाले. आणि एवढ्यावर थांबले असते तरी चाललं असतं, पण मी हात सोडवून घेतला आणि पुढे म्हणाले, "आय डोंट नो हर."

'नो' तिलाही कळलं. ती रागावली नाही. तिनं मान हलवली, जशी आपण रिक्षावाल्यानं यायला नकार दिल्यावर हलवतो, आणि बाकड्याच्या तिच्या टोकाला परत गेली. मी राउलच्या मागून बाहेर आले. बाहेर लख्ख ऊन होतं. दारातल्या सैनिकानं मला वाट देण्यासाठी आपली बंदूक बाजूला घेतली.

मी खोटं बोलले असते तर ते पकडलं गेलंच असतं, हे मला ठाऊक आहे. तिचा पासपोर्ट दुसऱ्या नावाचा, दुसऱ्या गावचा. माझी नोकरीही गेली असती. मला जे बोचतं ते खोटं न बोलणं नाहीच. तिला माझ्या शेजारी निदान बसू देता आलं असतं. तिच्या मुलाचा नंबर विचारता आला असता. "ही आजारी आहे, हिला पाणी द्या" एवढं इंग्रजी तर मला येतं.

त्या दिवशी आईला फोनवर म्हणाले, "सगळं सेफ आहे गं, बाहेर जायचं तर गाडी असते."

बुधवारी मी राउलला तिथे घेऊन चल म्हणाले. तो घेऊन गेला. बाकडं रिकामं होतं. त्यानं आत जाऊन चौकशी केली आणि खांदे उडवत परत आला. "दे मूव्ह हर. आय डोंट नो व्हेअर." व्हॅन सुरू करताना म्हणाला, "युअर मदर इज इन इंडिया, नो?" मी हो म्हणाले. "गुड," तो म्हणाला.

मी आयर्लंडला परतले आणि दोन आठवड्यांत लॉकडाऊन लागलं. घरापासून दोन किलोमीटर, पुढे पाच. आमची कंपनी हॉस्पिटलांचा माल बनवते म्हणून मला रोज कामावर जाता येई. गाडीच्या काचेमागे पुन्हा कंपनीचं एक पत्र, तसंच शिक्का मारलेलं. गावाबाहेर पोलिसांचा नाका असायचा. एका सकाळी तिथली पोलीस, तोंडावर मास्क, वर पिवळं जॅकेट, खिडकीशी वाकली. मी पत्र पुढे केलं आणि तिनं न सांगताच दोन्ही हात उघडे करून डॅशबोर्डवर ठेवले. तिनं ते वाचलंच नाही.

"आर यू ओके, लव्ह?"

मी ग्रँड म्हणाले.

"यू आर नॉट, बट ऑफ यू गो," ती म्हणाली. "माइंड युअरसेल्फ." स्वतःला जप, असा त्याचा अर्थ.

पुढे गाडी बाजूला घेऊन मी दहा मिनिटं रडले. पिस्तूल नसलेल्या, मला लव्ह म्हणणाऱ्या पोलिसाची मला भीती वाटत होती, आणि त्या भीतीवर माझा काही हक्क नव्हता. मला तर दोन्हीकडे सोडलं होतं.

ती दोन वर्षं मी कुठेच टिकून बसले नाही. घर दोनदा बदललं. एकदा डब्लिनजवळ क्लोनडॉकिनला एका नोकरीचा इंटरव्ह्यू दिला, मिळाली तर घेतली नाही. मेहसाण्याच्या बातम्या वाचायचे. सीमेवर कोणी सापडलं, कोणी गेलं, तर वय आधी बघायचे. इथल्या मराठी ग्रुपवर कोणी 'आयर्लंड किती सेफ आहे ना' असं लिहिलं की मी टाइप करायला घ्यायचे आणि पुसून टाकायचे. सेफ आहेच. पण ते कोणाला आणि कोणता कागद हातात असताना, हे मला लिहिता येत नव्हतं.

बाबांना यातलं काही सांगितलं नव्हतं. ते त्या काळात स्वतः नाक्यावर उभे होते, वर्धा रोडवर, उन्हात. नोकरीची शेवटची वर्षं.

डिसेंबर २०२१ मध्ये मी नागपूरला गेले. जेवणं झाल्यावर बाबा मागच्या ओट्यावर संत्रं सोलत बसले होते. मी शेजारी बसले आणि सांगितलं. सगळं, "आय डोंट नो हर"सकट. मला वाटलं ते म्हणतील, तू बरोबर केलंस. पोलीस माणूस, नियमाचा माणूस. त्यांनी संत्रं खाली ठेवलं.

"नाव काय होतं तिचं?"

तिच्या मुलाचं मोटेल मला माहीत होतं, गुडघा कोणता दुखतो ते माहीत होतं. तिनं माझं नाव विचारलं होतं. मी तिचं विचारलंच नव्हतं.

बाबांनी ओट्यावरची सालं एका बाजूला केली. मग म्हणाले, "लॉकडाऊनमध्ये नाक्यावर एक म्हातारा आला होता. शिवनीले चालला होता, पायी. बायको बिमार आहे म्हणे, साहेब, जाऊ द्या. वरून हुकूम होता, चालणारा दिसला की शाळेत नेऊन ठेवा. मी धरून गाडीत बसवला त्याले. रडून राहिला होता." त्यांनी संत्रं पुन्हा हातात घेतलं. "तीस वर्षं नावं लिहिली मी, वैशू. चोराचं लिहिलं, मुडद्याचं लिहिलं. त्याचं मी बी नाही विचारलं."

आतून आईनं हाक मारली, चहा ठेवू का. मग ती चहा घेऊनच आली आणि आमच्याजवळ बसली.

घर म्हणजे जिथे आपली बाजू घेतली जाते, असं मी इतकी वर्षं धरून चालले होते. त्या दुपारी बाबांनी माझी बाजू घेतली नाही, स्वतःचीही घेतली नाही. मला एवढंच हवं होतं, आणि ते ॲथलोनमध्ये मिळालं नसतं.

तरी मी परत आले. डब्लिनच्या विमानतळावर काउंटरमागच्या माणसानं माझं राहण्याच्या परवान्याचं कार्ड बघितलं आणि सहज विचारलं, "होम, इज इट?"

"येस," मी म्हणाले, आणि त्यानं शिक्का मारला. खोटं नव्हतं ते. माझी गादी, माझे मसाल्याचे डबे, माझी नोकरी तिथेच आहे. पण मी बॅग ओढत पुढे गेले तेव्हा मला कळलं की आपण निघालेल्या माणसांना घर म्हणजे शेवटी हेच उरतं, काउंटरवर उच्चारायचा एक शब्द, आणि तो आपल्या तोंडून खरा वाटतो हे आपलं नशीब. काही जणींच्या तोंडून तो कोणी ऐकूनही घेत नाही.