शेवटचा ठोका काकूंचा

जगातली प्रत्येक वस्तू आणि बहुतेक माणसं बोटाच्या पेराने एकदा ठोकून पाहिल्याशिवाय आमच्या घरमालकांचा कशावरच विश्वास बसत नसे. सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला मी करडीहून भंडाऱ्याला कचेरीत कारकून म्हणून लागलो आणि त्यांच्या मागच्या खोलीत भाड्याने राहायला गेलो. सारी गल्ली त्यांना काकाजी म्हणे. पितळेची भांडी घडवणं हा त्यांचा पिढीजात धंदा. पहिल्याच दिवशी त्यांनी माझी ट्रंक ठोकली, सायकलचं मडगार्ड ठोकलं आणि शेवटी माझ्या पाठीवर दोन थापा मारून बायकोला सांगितलं, "पत्रा पातळ हाये, पण जोड पक्का हाये. देऊन टाक खोली."

चाळीस वर्षांच्या ठोक्यांनी त्यांचे कान निकामी केले होते. आपल्याला बोटांनी ऐकू येतं असं ते म्हणत, आणि कलिंगडाच्या बाबतीत तरी ते शंभर टक्के खरं होतं. माणसांच्या बाबतीत मात्र पंचाईत व्हायची. मी मोहाडीला मुलगी बघायला निघालोय हे त्यांच्या कानात सांगितलं, तर त्यांनी ते 'हळूच' काकूंना सांगितलं. संध्याकाळी भाजीवालीने मला विचारलं, "मंग, पसंत पडली का जी पोरगी?" पण गल्लीला त्यांच्या ठोक्यांच्या आवाजाची सवय होती, नव्हे, गरज होती. सुटीच्या दिवशी ठोके बंद असले की शेजारचं तान्हं मूल झोपेनासं होई. मग त्याची आई दारात येऊन, "काकाजी, थोडं ठोका ना जी," अशी विनवणी करी, आणि काकाजी जेवत्या ताटावरून उठून रिकाम्या परातीवर ठोकत बसत. काकू वरण पुन्हा गरम करत आणि कपाळाला हात लावत.

त्यांचं खरं वेड होतं पाण्याच्या गुंडाचं. लग्नात मुलीला आंदण म्हणून द्यायचा तो मोठ्या पोटाचा पितळी गुंड काकाजी ठोका शेजारी ठोका घालत असा घडवीत की उन्हात धरला तर सगळं अंग चमचम करावं. पण पोटावर एक जागा ते कोरी सोडत. गुंड न्यायला माणसं आली की ज्या पोरीचं लग्न असेल तिलाच पुढे बोलावून हातोडी तिच्या हातात देत. शेवटचा ठोका तिचा. पोरी लाजत, हातोडी सटके, ठोका कधी आडवा पडे, कधी खोल. नाकाडोंगरीच्या एका दांडग्या पोरीने तर असा हाणला की चांगला खड्डाच पडला. तिचा बाप भडकला. काकाजी खूश. "राहू द्या जी! विहिरीवर दहा गुंड असले तरी आपला गुंड हिले डोये मिटून सापडंल."

काकूंचा स्वतःचा गुंड चुलीमागच्या ओट्यावर असे. लग्न ठरल्यावर काकाजींनी घडवलेला तो पहिला गुंड. पंधरा वर्षांच्या काकूंनी मारलेला ठोका तिरपा गेला होता आणि हातातली बांगडी फुटली होती. पुढे शेकडो गुंड घडवले, पण तसा आपल्याला पुन्हा जमला नाही, असं काकाजी सगळ्या गल्लीला ऐकू जाईल इतक्या हळू आवाजात मला सांगत.

मग गावाबाहेर एका शेठने भांड्यांचा कारखाना काढला. यंत्र एका दमात गुंडाचं पोट दाबून काढी, पण ते गुळगुळीत निघे, आणि ठोक्यांवाचूनचा गुंड कच्चा म्हणून बायका त्याला हात लावत नसत. शेवटी शेठ काकाजींच्या दारात आला. "एक गुंड द्या नमुन्याले. तुमच्या ठोक्याचा साचा करतो."

मला हे मुळीच पटलं नव्हतं. मी बोललो नाही, याचं आजही वाईट वाटतं. काकाजी तर हवेत होते. "मशीन माह्याजवळ शिकाले येऊन राह्यली, भाऊ!" नमुना द्यायचा तर सगळ्यात चांगलाच द्यायचा, म्हणून ते थेट चुलीमागे गेले. काकूंनी गुंडातलं पाणी ओतलं, पदराने तो आतून-बाहेरून पुसला आणि एवढंच म्हणाल्या, "वापस आणसान ना?"

दोन महिने झाले तरी गुंड आला नाही, तेव्हा मी काकाजींना सायकलवर डबलसीट घेऊन कारखान्यात गेलो. साच्यासाठी पोटाचा पत्रा कापून घ्यावा लागला, असं शेठ सहज सांगून गेला. उरलेला गळा आणि बूड कोपऱ्यात भंगारावर पडलं होतं. समोर यंत्र धपकन खाली येई आणि सगळे ठोके एकदम उमटत. काकाजींनी एका गुंडावर बोट फिरवलं. मग दुसऱ्यावर, तिसऱ्यावर. सगळ्यांवर त्याच जागी तोच तिरपा ठोका.

"तिनं एकडावच मारला होता, भाऊ," ते म्हणाले. त्यांचा आवाज इतका हळू मी आयुष्यात ऐकला नव्हता.

शेठने दिलेला नवा गुंड त्यांनी दोन दिवस राख-चिंचेने घासला, कडेला थोडा चेपला, जुना दिसेलसा केला आणि ओट्यावर नेऊन ठेवला. मला शपथ घातली, "तुमच्या काकूले समजू देजा नोका." त्या वर्षापासून त्यांच्याकडे गुंड घडवायला कोणी आलं नाही. हाताखालचे दोघे कारागीर भाताच्या गिरणीत पोती उचलायला गेले. काकाजी दारात बसून राहत. एकदा मीच त्यांच्यापुढे परात ठेवली. त्यांनी ती नुसती बाजूला सारली. शेजारचं मूल तोवर शाळेत जाऊ लागलं होतं. पुढच्या उन्हाळ्यात माझी बदली झाली.

ऐंशीच्या दशकाच्या शेवटी कधीतरी कामासाठी भंडाऱ्याला गेलो तेव्हा काकाजींना जाऊन दोन वर्षं झाली होती. काकू ओट्याजवळ बसल्या होत्या. बोलता बोलता माझ्याने राहवलं नाही. म्हटलं, "काकू, हा गुंड..."

"मले मालूम हाये," काकू म्हणाल्या. "पहिल्याच दिवशी उचलला तवाच समजलं. आपला गुंड भरला का कमर मोडे. हा तं फूल हाये."

"मग काकाजींना बोलला का नाहीत?"

"काहून बोलू? मी गुंड उचलाले गेली का ते रोज सकाळी माह्या तोंडाकडं पाहात. मंग मी कमरंवर हात ठेवो अन् 'आई वं' म्हणो. नऊ वर्सं म्हटलं, भाऊ."

काकू उठल्या. गुंड अर्धा भरलेला होता. त्यांनी तो काठाला धरून एका हाताने उचलला आणि माझ्यासाठी चहाचं पाणी ठेवायला चुलीकडे गेल्या.