भोंग्याचे गप्प आठ दिवस

बसस्थानकावरच्या काचेच्या खोलीत बसून तो गाड्यांच्या घोषणा करायचा. कुठली गाडी कुठल्या फलाटावर लागली, कुठली उशिरा येणार, कुणाचं पाकीट सापडलं, कुणाची आई कुठल्या बाकावर वाट बघतेय, सगळं त्याच्याच तोंडून. आवाज इतका खणखणीत की माइक बंद पडला तरी शेवटच्या फलाटावरची माणसं सामान उचलून चालू लागायची. बरोबरचे लोक त्याला भोंगा म्हणत, आणि खरं सांगायचं तर त्याला ते आवडायचं.

त्या वर्षी थंडीत त्याला ताप आला. ताप तीन दिवसांत उतरला, पण उतरताना आवाज घेऊन गेला. डॉक्टरीणबाईंनी घशात बॅटरी मारून पाहिलं आणि म्हणाल्या, "आठ दिवस एक अक्षर बोलायचं नाही. कुजबुजायचंसुद्धा नाही, त्यानं घसा आणखी बिघडतो."

"म्हणजे आठ दिवस घरात माझं वाक्य पूर्ण होणार," बायको म्हणाली.

नेमका दुसऱ्याच दिवशी वहिनींचा फोन आला. दादा, म्हणजे त्याचा मोठा भाऊ, माळ्यावरून फळ्या काढताना शिडीवरून पडला होता. पायाला प्लास्टर घातलं होतं. "जिवाला धोका नाही," वहिनी म्हणाल्या, "पण आलात तर बरं वाटेल त्यांना. बोलून दाखवणार नाहीत, तुम्हाला माहीतच आहे."

दोघा भावांत सात वर्षं धड बोलणं नव्हतं. दादाचं सुतारकामाचं दुकान वडिलांपासूनचं. धाकट्यानंही रंधा हातात घ्यावा असं घरात सगळ्यांनी गृहीत धरलेलं. त्याला स्थानकावर नोकरी लागली तेव्हा वाद झाला आणि तो निघून आला. पुढे लग्नाकार्यात भेटी झाल्या, पण त्या ख्यालीखुशालीपुरत्याच.

आता त्यानं लेकीच्या पाटीवर लिहून ती बायकोपुढे धरली. 'असा आवाज घेऊन जाऊन काय करू?'

"बोलता येत नसलं तरी बसता येतं ना?" ती म्हणाली आणि पिशव्या भरायला लागली.

प्रवास पाच तासांचा. सहा वर्षांच्या लेकीचं नाक वाहत होतं. तीन वर्षांच्या छोट्याला खोकला. दुसऱ्या तासाला छोट्यानं पाटीवरची पेन्सिल खिडकीबाहेर फेकली आणि ती कशी उडाली म्हणून टाळ्या वाजवल्या. तिसऱ्या तासाला तो बापाच्या अंगावर भडाभडा ओकला. एरवी भोंग्यानं गाडी डोक्यावर घेतली असती. आता तो नुसता डोळे मोठे करून बसला. पलीकडच्या सीटवरच्या आजींनी हळहळून बायकोला विचारलं, "जन्मापासून मुके आहेत का हो?"

"नाही, नाही," बायको हसू दाबत म्हणाली. "मंगळवारपासून."

दादाच्या दारात पोचले तेव्हा भोंग्याच्या अंगात शर्ट नव्हता, बायकोची शाल होती. वहिनींनी एका नजरेत सगळं ओळखलं. पोरांना पोटाशी घेऊन आत नेलं, पाणी तापत ठेवलं आणि भोंग्याच्या हातात दादाचा धुतलेला शर्ट दिला. "तुम्ही आजाऱ्याला बघायला आलात की आजारी भरती करायला?" त्या म्हणाल्या. पण चेहरा खुललेला होता.

वाफारे झाले, मऊ भात झाला, पोरं वहिनींच्या पलंगावर आडवी झाली. बायका त्यांच्याजवळ बसल्या. भोंगा उठून पुढच्या खोलीत, दुकानात गेला.

दादा खुर्चीत बसला होता. प्लास्टरचा पाय समोरच्या ओंडक्यावर. कानामागे नेहमीसारखी पेन्सिल. भोवती अर्धवट राहिलेली एक कपाटाची चौकट, आणि जमिनीवर झाडायचा राहिलेला भुसा.

दादा लहानपणापासून अडखळत बोलायचा. शब्द ओठांवर यायचा आणि तिथंच अडून बसायचा. शाळेत पोरं हसायची, म्हणून धाकट्यानं पुढे होऊन त्याचं वाक्य पूर्ण करायची सवय लावून घेतली होती. दुकानदारापाशी, मास्तरांपाशी, पाहुण्यांपाशी. दादानं सुरुवात करायची, यानं शेवट करायचा. आपण भावाला सांभाळून घेतो, अशी त्याची समजूत होती.

"घ-घसा?" दादानं विचारलं.

भोंग्यानं मान हलवली. मग दादाच्या पायाकडे बोट दाखवून भुवया उंचावल्या.

"ठ-ठीक आहे. सहा आठवडे."

 मग दादानं तोंड उघडलं. "तू त-तेव्हा..."

शब्द अडकला. भोंग्याला सवयीनं ते वाक्य पुरं करायची घाई झाली. पुढचं त्याला ठाऊकच होतं. तू तेव्हा दुकान सोडायला नको होतंस, हेच ना? उत्तरही तयार होतं, सात वर्षांपासून. त्यानं पेन्सिलीसाठी हात पुढे केला.

दादानं कानामागची पेन्सिल काढली आणि मुठीत धरून ठेवली.

"थ-थांब," तो म्हणाला. "म-मला बोलू दे."

भोंगा थांबला. दुसरा इलाजच नव्हता.

"तू निघालास त्या दिवशी म-मी म्हणत होतो, 'तू गेलास तर...' आणि तू म्हणालास, 'तर परत येऊ नकोस, असंच ना?' आणि द-दार आपटून गेलास."

भोंग्याला ते दार चांगलं आठवत होतं. ते वाक्य दादाचंच म्हणून त्यानं सगळीकडे सांगितलं होतं. बायकोलाही.

"मी ते म-म्हणत नव्हतो," दादा म्हणाला. त्यानं श्वास घेतला. पुढचा शब्द यायला फार वेळ लागला. बाहेरून एक सायकल गेली, वहिनींच्या हातून आत झाकण पडलं. भोंगा भावाच्या तोंडाकडे बघत राहिला. इतका वेळ त्यानं आयुष्यात कधी वाट पाहिली नव्हती.

"तू गेलास तर म-मला क-क-करमणार नाही. एवढंच म्हणत होतो."

भोंग्यानं खाली पाहिलं. नाकातून पाणी यायला लागलं, आणि ते सर्दीचं नव्हतं. दादानं मूठ उघडून पेन्सिल पुढे केली. भोंग्यानं शेजारची एक फळी ओढून तिच्यावर लिहिलं, 'मलाही नाही करमलं.' मग थोडं थांबून खाली लिहिलं, 'मी गाढव आहे.'

"ह-हे मी केव्हाचं म्हणतोय," दादा म्हणाला, आणि दोघंही हसायला लागले. भोंग्याचं हसणं बिनआवाजी, नुसते खांदे हलत होते.

तेवढ्यात लेक डोळे चोळत आली. तिला नुकतंच वाचता यायला लागलं होतं. ती फळीपाशी उकिडवी बसली आणि अक्षरावर बोट ठेवून वाचू लागली. "म... ला... ही..." दादा तिच्या शेजारी वाकून शांतपणे वाट बघत होता. मधे एकही अक्षर त्यानं सुचवलं नाही.

"गाढव कोण?" शेवटी तिनं विचारलं.

"त-तुझा बाप," मोठे काका म्हणाले.

दोन दिवसांसाठी आलेले ते पाच दिवस राहिले. भोंग्यानं सात वर्षांनी रंधा धरला आणि दादाच्या देखरेखीखाली कपाटाची चौकट पुरी केली. एक कोपरा जरा तिरका झाला. गिऱ्हाईक काही बोललं नाही. पोरांचा खोकला गेला, आणि निघायच्या दिवशी वहिनींना शिंका सुरू झाल्या.

आता दर रविवारी सकाळी दादाचा फोन येतो. भोंगा फोन कानाला लावून खिडकीत उभा राहतो, मिनिट मिनिट काहीच बोलत नाही. सुरुवातीला बायकोला वाटायचं, फोन कट झाला असणार.

"गेला का आवाज?" तिनं एकदा विचारलं.

त्यानं मान हलवून नाही म्हटलं आणि तिला हातानंच गप्प राहायला सांगितलं.