समोरच्या खड्ड्याचे सेक्रेटरी

दुसऱ्याच्या बांधकामाची काळजी खुद्द बिल्डरपेक्षा जास्त वाहणारा माणूस पृथ्वीतलावर एकच आहे, आणि तो गेल्या उन्हाळ्यात जर्मनीतल्या हेर्त्सोगेनआउराख गावी आमच्या हॉलमधल्या सोफ्यावर झोपत होता. हे माझे सासरे. पुण्यात सोसायटीचं सेक्रेटरीपद त्यांनी इतकी वर्षं भूषवलं की शेवटी सभासदांनीच हात जोडून त्यांना मोकळं केलं. त्याच सुमारास त्यांना जर्मनीचा व्हिसा मिळाला आणि नेमका आमच्या खिडकीसमोर नव्या वसाहतीचा पाया खणायला सुरुवात झाली. आंधळा मागतो एक डोळा, देव देतो दोन.

बिल्डरने कुंपणावर कागद लावला होता: काम बरेच दिवस चालेल, समजून घेतल्याबद्दल आभार. मी तो वाचून दाखवताच बाबा कडाडले, "समजूत मागतायत, माहिती देत नाहीत! सूनबाई, फळा आण." फळा माझ्या मुलीचा होता. तो आमच्या इमारतीच्या दाराशी उभा राहिला. रोज सकाळी, ऐन जूनमध्ये कानटोपी घालून, बाबा कुंपणालगत फेरी मारत आणि परत येऊन मजकूर सांगत. मी ऑफिसच्या गडबडीत तो जर्मनमध्ये उतरवत असे. वर ॥ श्री ॥ मात्र ते स्वतः काढत. त्याशिवाय सूचना लागूच होत नाही, अशी त्यांची श्रद्धा. आज क्रेन फिरणार, खालून जाऊ नये. आज धूळ उडणार, कपडे बाहेर वाळत घालू नयेत.

"अहो बाबा, इथे सगळ्यांकडे ड्रायर आहेत."

"बिघडला तर?"

साइटचा मुकादम पोलंडचा. त्याला जर्मन बेताचं, बाबांना शून्य, त्यामुळे दोघांचं छान जमलं. बाबा मराठीत विचारत, "काय रे, आज रस्ता कुठून वळवलास?" तो हाताने दाखवी. बाबा "गेनाऊ, गेनाऊ", म्हणजे 'बरोबर, बरोबर', हा उचललेला एकुलता एक जर्मन शब्द म्हणत मान डोलावत. तोवर शेजाऱ्यांनी ॥ श्री ॥ ही धोक्याची खूण आहे असं परस्पर ठरवून टाकलं होतं. एके सकाळी पाहते तर सगळ्यात खोल खड्ड्यापाशी फळीवर लाल रंगात हे भलंमोठं श्री! मुकादमाचीच करामत. बाबांनी चपला काढून नमस्कार केला. ते पाहून त्यानेही आदराने हेल्मेट काढलं, तर बाबा खेकसले, "आधी ते डोक्यावर घाल!"

पण फळ्याचा खरा उपयोग झाला तो तळमजल्यावरच्या जर्मन आजींना. चाकांचा वॉकर ढकलत कोपऱ्यावरच्या बेकरीत जाणं हेच त्यांचं रोजचं बाहेर पडणं. काम सुरू झाल्यापासून पायवाट रोज नव्या जागी सरके. एकदा लोखंडी पत्र्यात वॉकरचं चाक अडकून त्या पडल्या आणि मग घराबाहेर पडेनात. बाबांनी ते मनाला लावून घेतलं. "इमारत उशिरा झाली तरी चालेल. पण माणूस घरात अडकून पडलेला चालणार नाही!" मग फळ्यावर रोज बाण आला. त्या बाणाबरहुकूम बाबा पुढे चालत, पायाने खडे बाजूला सारत, आणि आजी मागून. त्या जर्मनमध्ये कुरकुरत, हे मराठीत समजूत घालत, "सावकाश, सावकाश. घाई नाही."

व्हिसा संपला. विमानतळावर बाबांचं एकच चाललं होतं, "आता त्या आजींना रस्ता कोण सांगणार?"

दुसऱ्या दिवशी मी खडू घेऊन खाली गेले, तर फळा लिहिलेला होता. वर थरथरतं ॥ श्री ॥, खाली बाण, आणि जर्मनमध्ये: आज डावीकडून, सायकलींच्या बाजूने. शेवटी रोमन अक्षरांत 'सावकाश'. दारापासून कुंपणापर्यंत आणि परत, धुळीत वॉकरच्या चाकांच्या रेघा उमटल्या होत्या. आजी एकट्या जाऊन रस्ता बघून आल्या होत्या.

फोटो पाठवताच बाबांचा फोन आला. "श्री जरा वाकडं आलंय," ते म्हणाले. मग हळूच, "चला, म्हणजे आता माझं तिथे काही काम उरलं नाही."

तो आवाज मला ऐकवेना. "असं कसं, बाबा? मागच्या मोकळ्या जागेवरही बांधणार आहेत," मी धडधडीत थाप मारली.

"पाया कधी खणणार?" त्यांनी ताबडतोब विचारलं.

तेव्हापासून मी रोज सकाळी त्या मोकळ्या जागेकडे मोठ्या आशेने बघते आहे.